नौपाड्यातली जन्मवेळ-शुद्धी: ३,५०० रुपयांत काय मिळतं, काय नाही

ठाण्यात नौपाडा आणि राम मारुती रोडच्या पट्ट्यात ज्योतिषांची वानवा नाही, पण जन्मवेळ अजिबात ठाऊक नसलेल्या माणसाची पत्रिका रीतसर बसवून देणारे थोडेच. बाकीचे ‘दुपारी बाराची धरू’ म्हणतात आणि पाच मिनिटांत छापील पान हातात ठेवतात. गोखले रोडच्या मागच्या अंगाला एका जुन्या इमारतीत चालणारी ही सेवा त्या जातीची नाही. नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. फी ३,५०० रुपये, निम्मी आधी. दोन बैठका, मध्ये साधारण तीन आठवडे. मत आधीच सांगून टाकतो: कागद शोधण्याचा आणि चंद्राचा भाग उत्तम, आयुष्यातल्या प्रसंगांवरून लग्नरास (जन्माच्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास, हिलाच पुढे नुसतं ‘लग्न’ म्हटलंय) ठरवण्याचा भाग बरा, आणि अहवालात छापलेली सेकंदं वाचूच नयेत.

पहिल्या बैठकीत पत्रिका मांडतच नाहीत. चार पानी फॉर्म पुढे येतो आणि त्याचं पहिलं पान फक्त कागदपत्रांचं असतं. हरवलेली वेळ गणिताने शोधण्यापेक्षा कपाटात शोधणं केव्हाही स्वस्त, त्यामुळे सुरुवात योग्य जागी होते. जन्मदाखल्यावर वेळ नसते. नाव, लिंग, तारीख, जन्मस्थळ, आईवडिलांची नावं, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची तारीख, एवढंच. तरीही लोक वेळेसाठी महापालिकेत हेलपाटे घालतात. वेळ असते ती रुग्णालयाच्या कागदांत: प्रसूतिकक्षाच्या नोंदवहीत, आईच्या केसपेपरवर, डिस्चार्ज कार्डावर, कधी बाळाच्या लसीकरणाच्या कार्डाच्या कोपऱ्यात. खासगी प्रसूतिगृहाकडून फार आशा धरू नये. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णांचे कागद ३ वर्षं जपण्याचं बंधन आहे, त्यामुळे तीस वर्षांपूर्वीची फाइल मिळाली तर नशीब. जन्म सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात झाला असेल तर लेखी अर्ज करून नोंदवहीतला उतारा मागावा. अर्जात आईचं तेव्हाचं नाव आणि दाखल झाल्याची तारीख घालावी. बाळाच्या नावाने शोधून काही सापडत नाही, कारण तेव्हा बाळाला नाव नव्हतं.

याच पानावर एक प्रश्न आहे जो फार कमी ठिकाणी विचारतात: बारशाला नावरस नाव काय निघालं होतं? वेळ विसरलेल्या घरांतही हे नाव किंवा निदान त्याचं आद्याक्षर आत्याला आठवतं. प्रत्येक अक्षर नक्षत्राच्या एका चरणाशी, म्हणजे चौथ्या भागाशी, बांधलेलं असतं. ‘वी’ म्हणजे रोहिणीचा तिसरा चरण, ‘चू’ म्हणजे अश्विनीचा पहिला. चंद्राला एक चरण, म्हणजे ३ अंश २० कला (६० कलांचा एक अंश), ओलांडायला साधारण सहा तास लागतात. म्हणजे एका अक्षरावरून चोवीस तासांचे सहा तास होतात आणि बारा लग्नराशींतल्या तीन-चार उरतात. अट एकच, अक्षर त्या वेळी खऱ्या जन्मवेळेवरून काढलेलं असावं. कुलदेवतेचं किंवा आजोबांचं नाव ठेवलं असेल तर ते इथे निरुपयोगी.

जुन्या कागदावर ‘इष्टघटी १८ पळे ३०’ असं काही सापडलं तर तीच वेळ आहे. घटी २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं. म्हणजे सूर्योदयानंतर ७ तास २४ मिनिटं. त्या दिवशी त्या गावी सूर्योदय ६.३० ला असेल तर जन्म दुपारी १.५४ चा.

फॉर्ममध्ये वार आणि तारीख वेगवेगळ्या रकान्यांत विचारतात, तेही एका हेतूने. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, कॅलेंडरची तारीख मध्यरात्री. ‘गुरुवारी रात्री दोनला झाला’ असं आजी सांगते तेव्हा कॅलेंडरवर शुक्रवार उजाडलेला असतो. तारीख गुरुवारची आणि रात्री दोनची वेळ घातली तर पूर्ण २४ तासांची चूक होते आणि चंद्र सरासरी १३ अंश मागे जातो, म्हणजे जवळजवळ एक अख्खं नक्षत्र. वार आणि तारीख जुळत नसतील तर घाबरू नये. जन्म मध्यरात्र ते सूर्योदय या वेळात झाल्याचा तो चांगला इशारा असतो.

जन्मगावाचंही तसंच. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि रेशनकार्डावर ठाणं असलेली कितीतरी माणसं प्रत्यक्षात साताऱ्यात, रत्नागिरीत किंवा विदर्भात जन्मलेली असतात. ठाण्याचे रेखांश सुमारे ७२ अंश ५८ कला, नागपूरचे ७९ अंश ५ कला. एका रेखांशाला ४ मिनिटं, म्हणजे दोन्ही गावांच्या स्थानिक वेळेत साडेचोवीस मिनिटांचा फरक आणि लग्न सहा अंशांनी इकडेतिकडे. ठाण्याऐवजी मुंबई टाकली तर मात्र फरक अर्ध्या मिनिटाचा, त्यावरून कुणी घाबरवू लागलं तर दुर्लक्ष करावं.

पहिली तक्रार इथेच. ऐंशीच्या पुढच्या माणसांसाठी घड्याळाचा रकाना फॉर्ममध्ये नाही. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात देशभर घड्याळं एक तास पुढे होती. शिवाय मुंबई शहरात ‘बॉम्बे टाइम’ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होता आणि तो १९५५ पर्यंत वापरात होता. १९४४ साली मुंबईत जन्मलेल्या आजोबांची घरच्या वहीतली वेळ कोणत्या घड्याळाची, हे विचारल्याशिवाय पुढे जाणंच चूक.

दुसरं पान आठवणींचं, आणि ते आईशी, मावशीशी, आत्याशी फोनवर बोलून भरायचं असतं. प्रश्न नेमके आहेत. दिवे लागले होते का? नळाला पाणी आलं होतं का? बाबा पहिल्या पाळीला गेले होते की यायचे होते? वागळे इस्टेटमधल्या कारखान्याचा भोंगा ऐकू आला होता का? सुईण होती की डॉक्टर, आणि डॉक्टर जेवून आले की जेवण टाकून? ‘पहाटे’ या शब्दावर कधीच थांबू नये. एका घरी पहाट तीनला होते, दुसऱ्या घरी साडेसहाला. दोन माणसांना वेगवेगळं विचारावं, एकाच खोलीत बसवून नाही, नाहीतर मोठी आत्या बोलते आणि बाकीच्या माना डोलावतात.

इतकं झाल्यावर ते जे काम करतात ते या सेवेचा सर्वांत उपयोगी भाग आहे, विशेषतः विवाहासाठी पत्रिका हवी असेल तर. त्या तारखेचा पूर्ण चोवीस तासांचा चंद्र मांडून दाखवतात. चंद्र एका राशीत साधारण सव्वादोन दिवस असतो, म्हणून बहुतेक तारखांना चंद्ररास वेळेशिवायही पक्की सांगता येते. सुमारे चव्वेचाळीस टक्के दिवसांत मात्र मध्येच रास बदलते. नक्षत्र जवळजवळ रोजच बदलतं. बदल सकाळी ९.४० ला होत असेल तर प्रश्न एवढाच उरतो, जन्म त्याच्या आधी की नंतर? आणि ‘बाबा कामावर गेले होते’ एवढ्या आठवणीवर तो सुटूही शकतो. सुटला नाही तर दोन्ही नक्षत्रांवरून गुणमेलन काढून दोन आकडे लिहून देतात. छत्तीस गुणांचं कोष्टक सगळं चंद्राच्या राशी-नक्षत्रावर चालतं, लग्नराशीची तिथे गरज नाही. नाडी एक येते का, हाच वादाचा मुद्दा असेल तर दोन्ही शक्यता कागदावर असणं फार मोलाचं. मंगळाचं वेगळं आहे. लग्नराशीपासूनचा मंगळदोष वेळेशिवाय सांगताच येत नाही, चंद्रापासूनचा येतो. जो वधूवर सूचक मंडळवाला वेळ नसताना ‘मुलगी कडक मंगळाची’ म्हणतो, त्याला ‘कुठल्या लग्नावरून?’ एवढंच विचारावं.

मग लग्नरास. दर दोन तासांनी लग्न बदलतं हे ढोबळ आहे. चित्रापक्ष अयनांशाने (अयनांश म्हणजे राशिचक्राचा आरंभ कुठे धरायचा याचं माप) ठाण्याच्या अक्षांशावर मीन लग्न जेमतेम ९५ मिनिटांत उगवून जातं, वृश्चिकाला सव्वादोन तास लागतात. त्यामुळे उमेदवार राशींना सारखे गुण देणं चूक, आणि ही सेवा वेळेच्या पट्ट्या आखून ते बरोबर करते. शरीरयष्टी, चेहरा, बोलण्याची ढब यांवरून लग्न ओळखण्याचा खेळही थोडा होतो. तो करमणूक म्हणून घ्यावा. बैठकीत येणारा माणूस थकलेला असला तर शनीचा वाटतो आणि चहा प्याल्यावर गुरूचा.

दुसऱ्या बैठकीआधी आयुष्यातल्या प्रसंगांची यादी द्यावी लागते. आठ ते बारा, तारखेसह. चांगले प्रसंग म्हणजे ज्यांची तारीख कागदावर असते आणि जे एकदाच घडतात: आई किंवा वडिलांचा मृत्यू, पहिलं अपत्य, शस्त्रक्रिया, अपघात, नोकरीचं नियुक्तिपत्र, नोकरी जाणं, घराचा ताबा. ‘२०१४ पासून पैशाची ओढाताण’ हा प्रसंग नव्हे. विवाहाची तारीख द्यावी, साखरपुड्याची नाही, आणि नोंदणी वर्षभराने झाली असेल तर नोंदणीची तर नाहीच. घराच्या बाबतीत करारनामा, ताबा आणि गृहप्रवेश या तीन तारखांत दोन-तीन वर्षांचं अंतर पडू शकतं. घोडबंदर रोडला किंवा खारघरला फ्लॅट घेतलेल्यांना हे सांगायची गरज नाही.

इथे गणित समजून घेणं आवश्यक आहे, कारण ज्योतिषी ते सहसा उलगडून सांगत नाहीत. विंशोत्तरी दशा, म्हणजे आयुष्याचे एकेका ग्रहाला वाटून दिलेले कालखंड, जन्मवेळेच्या चंद्रावरून निघतात. नक्षत्र ८०० कलांचं, चंद्राचा वेग तासाला सरासरी ३३ कला. जन्म शुक्राच्या नक्षत्रावर, म्हणजे भरणी, पूर्वा फाल्गुनी किंवा पूर्वाषाढावर असेल तर वेळेत एक तासाची चूक झाल्यास पुढच्या सगळ्या दशांच्या तारखा सुमारे दहा महिन्यांनी सरकतात. रवीच्या नक्षत्रावर, म्हणजे कृत्तिका, उत्तरा फाल्गुनी, उत्तराषाढा, तीच चूक फक्त तीन महिन्यांची. शुक्राची दशा २० वर्षांची आणि रवीची ६, म्हणून. याचा अर्थ भरणीच्या माणसाची वेळ दशांवरून बरीच घट्ट पकडता येते. कृत्तिकेच्या माणसाच्या बाबतीत वेळ अर्धा तास इकडेतिकडे झाली तरी दशा काही बोलतच नाहीत, तिथे लग्न आणि भावांवरच (पत्रिकेतल्या बारा घरांवरच) भिस्त ठेवावी लागते. या सेवेत दोघांनाही फी सारखी आणि आश्वासनही सारखं. दुसरी तक्रार ही.

लग्नरास ठरली की ‘सूक्ष्म शुद्धी’ सुरू होते. नवमांश (राशीचा नववा भाग) ३ अंश २० कलांचा, म्हणजे सरासरी १३ मिनिटं २० सेकंदांचा. दशमांश १२ मिनिटांचा, षष्ट्यंश (साठावा भाग) २ मिनिटांचा. नवमांशापर्यंत जाणं समजण्यासारखं आहे. त्यापुढे दोन हत्यारं निघतात. एक कुंद पद्धत: लग्नाचे अंश ८१ ने गुणून येणारं नक्षत्र जन्मनक्षत्राशी किंवा त्याच्या त्रिकोणातल्या (त्यापासून दहाव्या किंवा एकोणिसाव्या) नक्षत्राशी जुळलं पाहिजे. ऐकायला काटेकोर वाटतं, पण हा जुळणारा झरोका लग्नाच्या दर १ अंश २९ कलांनी पुन्हा येतो, म्हणजे साधारण दर ६ मिनिटांनी. तासाभराच्या पट्ट्यात दहा वेळा जुळतात, प्रत्येक ४० सेकंदांची. दहापैकी कुठली घ्यायची हे कुंद सांगत नाही, ज्योतिषी सांगतो.

दुसरं हत्यार कृष्णमूर्ती पद्धतीतले (केपी) रुलिंग प्लॅनेट्स. शुद्धी करायला बसल्याच्या क्षणीचा वाराचा स्वामी, चंद्राच्या राशीचा आणि नक्षत्राचा स्वामी, लग्नाच्या राशीचा आणि नक्षत्राचा स्वामी हे पाच घ्यायचे आणि जन्मलग्नाचा सब (नक्षत्राचा, ग्रहांच्या दशेच्या वर्षांच्या प्रमाणात पाडलेला उपभाग) त्यांच्यात बसवायचा. सब सर्वांत लहान रवीचा, ४० कलांचा, म्हणजे पावणेतीन मिनिटांच्या आत. सर्वांत मोठा शुक्राचा, जवळजवळ नऊ मिनिटांचा. अडचण अशी की हे सगळं बसण्याच्या क्षणावर टांगलेलं आहे. एक नक्षत्र क्षितिजावर उगवायला सरासरी ५३ मिनिटं लागतात. तीन हात नाक्याला तासभर अडकलात की निदान एक स्वामी बदललेला असतो. केपीवाले म्हणतील, तो उशीरही ग्रहांनीच केला. या युक्तिवादाला उत्तर नाही, आणि नेमकी तीच त्याची उणीव आहे.

सेकंदांवर विश्वास का ठेवू नये, याचं कारण याहून साधं आहे. लाहिरी (म्हणजेच चित्रापक्ष) आणि केपी अयनांशात सुमारे ६ कलांचा फरक. लग्नात तो २४ सेकंदांचा, किरकोळ. पण चंद्रही तितकाच सरकतो, आणि शुक्राच्या नक्षत्रावर त्यामुळे दशेच्या तारखा जवळजवळ ५५ दिवस हलतात. रामन अयनांश घेतला तर दीड अंशाच्या आसपास फरक, म्हणजे दशा दोन वर्षांहून अधिक इकडेतिकडे. टिळक पंचांगाचा फरक तर चार अंशांचा. दशावर्ष ३६५.२५ दिवसांचं धरायचं की ३६० चं, यावर चाळिशीत सात महिने बदलतात. म्हणून अहवालावर ‘सकाळी ७:४२:१६’ असं छापलेलं असतं तेव्हा तो आकडा फक्त त्या अयनांशात, त्या दशावर्षात आणि त्या पद्धतीत खरा. नौपाड्याच्या अहवालात अयनांश लिहिलेला असतो (चित्रापक्ष), दशावर्ष नसतं. मागून घ्यावं, नाहीतर पुढचा ज्योतिषी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तीच वेळ टाकेल आणि दशा जुळल्या नाहीत म्हणून पुन्हा शुद्धी करायला लावेल, वेगळ्या फीने.

आता कसोटी. ग्रह नऊ, भाव बारा, दशा-अंतर्दशा-विदशा, वरून शनी-गुरूचं गोचर (आकाशातलं चालू भ्रमण), इतका माल हाताशी असला की दिलेले दहा प्रसंग कुठल्याही वेळेवर बसवता येतात. वेळ बरोबर निघाली का, हे न दिलेल्या प्रसंगांवरूनच कळतं. म्हणून बारा प्रसंग आठवत असतील तर नऊ द्यावेत, तीन मुठीत ठेवावेत. वेळ निश्चित झाली की विचारावं: ‘गुरुजी, या वेळेवरून माझी शस्त्रक्रिया कोणत्या चार महिन्यांत दिसते?’ उत्तर त्यांच्याच हस्ताक्षरात लिहून घ्यावं आणि मगच तारीख सांगावी. मुठीत ठेवायचे प्रसंग अंदाजाने न सांगता येणारे हवेत. सत्ताविशीत विवाह, तिशीत मूल हे कुणीही सांगेल, आणि विवाहाची तारीख फेसबुकवरही सापडते. नोकरी जाणं, हाड मोडणं, बदली हे चांगले. या सेवेत ही चाचणी ते स्वतःहून करत नाहीत. मागितली तर नाही म्हणत नाहीत, चेहरा थोडा उतरतो इतकंच. वाशीतल्या ज्या केपी अभ्यासकाकडे हेच काम ऑनलाइन होतं, तिथे चाचणीला स्पष्ट नकार आहे, फी कमी असली तरी.

ही कसोटी जुळली तरी पत्रिकेतलं भविष्य खरं ठरेल असं नाही, ते प्रकरण स्वतंत्र आहे. २००८ मध्ये जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी हुशार आणि मतिमंद अशा २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या आणि २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका ओळखायला दिल्या. अचूकता ४६ टक्के आली, म्हणजे छापाकाट्याच्या जवळपास. तिथे तर जन्मवेळा ठाऊक होत्या.

वेळ शोधूनही पट्टा दोन लग्नांवर पसरलेला राहिला तर काय करायचं, हे इथे सरळ सांगतात ही जमेची बाजू. चंद्रकुंडली वापरा, चंद्ररास लग्नस्थानी ठेवून भाव मोजा, साडेसाती आणि गोचर तसंही चंद्रावरूनच पाहतात. नेमका एखादा प्रश्न असेल तर प्रश्नकुंडली (प्रश्न विचारल्या क्षणाची कुंडली) मांडा, तिला जन्मवेळ लागतच नाही. हरवलेल्या वेळेचा प्रश्न नवा नाही, वराहमिहिराच्या बृहज्जातकात नष्टजातकाचा स्वतंत्र अध्यायच आहे.

गणित स्वतः पडताळायचं असेल तर जगन्नाथ होरा हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात तारीख आणि जन्मगाव घालून वेळ दहा-दहा मिनिटांनी पुढे नेली की लग्न, नवमांश आणि दशा कशा बदलतात ते डोळ्यांनी दिसतं, आणि दुसऱ्या बैठकीत प्रश्न विचारायला तोंड येतं. अयनांश मात्र अहवालातलाच निवडावा.

पूर्ण ३,५०० भरायची गरज प्रत्येकाला नाही. फक्त पहिली बैठक आणि चंद्राचा तक्ता १,२०० रुपयांत मिळतो. ते फलकावर लिहिलेलं नाही, विचारावं लागतं. पत्रिका केवळ गुणमेलनासाठी हवी असेल तर तेवढं पुरतं. प्रसंगांच्या तारखा कागदावर नसतील तरी तिथेच थांबावं, अंदाजे तारखांवर दुसरी बैठक वाया जाते. इमारतीला लिफ्ट नाही, जिना अरुंद आहे, तेव्हा आजीला वर चढवू नका. आठवणींचं पान ते फोनवर विचारून भरून घेतात.